ओरडणारे ब्रेक

तिसाच्या सालानंतरची गोष्ट. तेव्हा रत्नागिरीत मोटार चालवणारे आम्ही मोजकेच लोक होतो आणि आमच्यात मोठा कोण, तर इंजिन बंद ठेवून सगळ्यात लांब जाईल तो. निवळीच्या घाटाचा माथा आला की किल्ली फिरवायची, गिअर काढायचा आणि मोटार उताराच्या हवाली करायची. ह्याला आम्ही 'मोटार सोडणं' म्हणत असू. खाली बावनदीपर्यंत इंजिनाचा आवाज नाही, पेट्रोलचा थेंब नाही, नुसता वारा आणि मागे बसलेल्या उतारूंच्या गप्पा. उतारावर पेट्रोल जाळणारा माणूस आमच्या दृष्टीने भरल्या पोटी जेवणारा माणूस. मी तर ह्यात इतका तरबेज झालो होतो की कुठल्या वळणावर ब्रेक किती दाबायचा हे माझा पाय मला न विचारता ठरवत असे. आपण शहाणे आहोत असं मला त्या दिवसांत फार वाटायचं.

मोटार माझी स्वतःची होती. स्वतःची म्हणजे एका व्यापाऱ्याने हौसेने घेतलेली, दोन पावसाळ्यांत कंटाळून टाकलेली, कापडी टपाची, आणि टपाला भोकं. तिच्यावर मी आधी पगारी ड्रायव्हर होतो. तो विकायला निघाला तेव्हा आयुष्यात साठवलेलं सगळं मी तिच्यात घातलं. लोकांनी वेड्यात काढलं. आमच्या आळीतले माझ्या वयाचे झाडून सगळे मुंबईला गेले होते. माझा चुलतभाऊ तिकडे एका मोटारीच्या कारखान्यात होता आणि दर पत्रात लिहायचा की तुझ्यासाठी शब्द टाकून ठेवलाय, ये. मी जात नव्हतो. कारण एकच, बाबा.

आई जाऊन पाच वर्षं झाली होती. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. त्यांना उजेड कळायचा, दारात कुणी उभं आहे एवढं कळायचं, पण कोण ते बोलल्याशिवाय कळत नसे. आमची नारळी-पोफळीची लहानशी वाडी होती आणि त्यांचा सगळा जन्म त्या वाडीला रहाटाने पाणी लावण्यात गेला होता. दिसेनासं झालं तरी ते रहाट सोडायला तयार नव्हते. दिवसभर एकटे, विहिरीच्या काठाशी. मी संध्याकाळी मोटार घेऊन परत आलो की घरापुढच्या अंगणाच्या, म्हणजे खळ्याच्या टोकाशी उभे असायचे. मी मुंबईला गेलो असतो तर ते कुणाची वाट बघत उभे राहिले असते? हा प्रश्न मला दिवसाउजेडीसुद्धा सोसत नसे. म्हणून मोटार. मोटार चालली तर मी रत्नागिरीत राहणार, नाही चालली तर बंदरावर जाऊन बोटीत बसणार, इतकं ते सरळ होतं.

बाबांचं सगळं जग कानात आलं होतं. रहाटाच्या आवाजावरून त्यांना कणा कुठे घासतोय ते कळायचं, मग ते चाचपडत जायचे आणि बरोबर त्या जागी उंडीचं तेल घालायचे. उंडीच्या बियांचं हे तेल आमच्याकडे घरोघर असे. दिव्याला, रहाटाला, गाडीच्या आसाला, दाराच्या बिजागरीला, सगळ्याला तेच. हिरवट, दाट आणि वासाने नाक धरायला लावणारं. कुठे काही करकरलं की बाबा म्हणायचे, त्याला तेल मागायची तीच भाषा आहे. मोटारीबद्दलही त्यांचं मत कानावरूनच बनलं होतं. मी इंजिन बंद करून आळीच्या उतारावरून गुपचूप खळ्यात येऊन थांबलो की ते खूश व्हायचे. चांगली आहे, आवाज करत नाही, असं शेजाऱ्यांना सांगायचे.

तोंडचं पाणी पहिल्यांदा पळालं ते भाद्रपद संपता संपता. देवरूखच्या रस्त्यावर भाड्याच्या मोटारी चालवायचा परवाना मोजक्यांनाच मिळे. त्यातली एक जागा रिकामी झाली होती. तिच्यासाठी आम्ही दोघे होतो. एक मी, आणि दुसरा एक बडा गृहस्थ, ज्याच्या आधीच दोन मोटारी त्या रस्त्यावर होत्या. मोटारी तपासणारे साहेब घाटावरचे होते, कडक, पण कुणाचं ऐकून वाईट करणारे नव्हते. त्यांनी मला सांगितलं होतं की दोन मोटारींवाल्याला तिसरी जागा देण्यापेक्षा मी तुला देईन, पण तुझी मोटार मला पसंत पडली पाहिजे. मी छाती काढून मोटार नेली. त्यांनी मागचं चाक उचलायला लावलं, ड्रम काढायला लावला आणि आत बघून माझ्याकडे बघितलं. ब्रेकचा पट्टा नावालासुद्धा उरला नव्हता. पट्टा ठोकून बसवणाऱ्या रिबिटांची तांब्याची डोकी ड्रमला घासून चकचकीत झाली होती.

साहेबांनी विचारलं, हे पट्टे कधी घातलेस? मी म्हटलं, चैत्रात. त्यांना खरं वाटेना. चैत्रात घातलेले पट्टे दोन वर्षं जायला हवेत, सहा महिन्यांत कसे गेले? मला काय माहीत कसे गेले! मी विकणाऱ्याला दोष दिला, मुंबईच्या मालाला दोष दिला, जांभ्याच्या लाल चिखलाला दोष दिला. त्यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. नवे पट्टे घालून आण, मी स्वतः उतारावर बसून बघणार, म्हणाले. आणि तोवर ही मोटार उतारूंशिवायच चालव.

मी तसाच खाडीकाठी मिस्त्रीचाचांकडे गेलो. हे म्हातारे मुसलमान मिस्त्री आयुष्यभर बोटींच्या इंजिनांत हात घालून बसलेले. लाँच बिघडली की त्यांना दाभोळपर्यंत बोलावणं यायचं. मोटारीचंही त्यांना जेवढं कळत होतं तेवढं रत्नागिरीत दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. मी सगळं गाऱ्हाणं मांडलं. त्यांनी एकच विचारलं, उतारावर मोटार सोडतोस काय रे? मी म्हटलं, सगळेच सोडतात.

तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं. गिअरात असताना उतारावर इंजिनच मोटारीला मागे ओढून धरतं, ब्रेकला नुसता पाय लावायचा असतो. तू इंजिन बंद केलंस, गिअर काढलास, की सगळ्या मोटारीचं, उतारूंचं, बोचक्यांचं ओझं चार चाकांतल्या त्या पट्ट्यांवर. पेट्रोल वाचवलंस आणि ब्रेक खाल्लेस. मी ऐकून खाली मान घातली. ज्या गोष्टीचा मला गर्व होता तीच गोष्ट मोटारीच्या मुळावर आली होती. मला त्यांचा नाही, स्वतःचा संताप आला आणि तो काढायला जागा नव्हती.

पट्टे त्यांनीच घालून दिले असते, पण दुसऱ्याच दिवशी त्यांना दाभोळला लाँचच्या कामाला जायचं होतं आणि कधी परतणार ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग त्यांनी मला तिथेच जमिनीवर खडूने काढून शिकवलं. ड्रमच्या आत अर्ध्या चंद्रासारखे दोन लोखंडी बूट असतात. त्यांच्यावरचा जुना पट्टा रिबिटं तोडून काढायचा, बूट घासून साफ करायचे, नवा पट्टा बसवून मधून सुरुवात करून टोकांकडे रिबिटं ठोकत जायचं. रिबिटाचं डोकं पट्ट्याच्या आत बुडालं पाहिजे. एवढं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "बाकी कायपण चुकलास तरी चालेल. पण आत तेलाचा हात लागता नये. तेल लागलं की ब्रेक नाय, मग देवाचं नाव घे."

हे त्यांनी मला सांगितलं. मी बाबांना सांगितलं नाही. सांगावं असं मनातच आलं नाही. आजही ह्या एका गोष्टीशी मी येऊन थांबतो. किती वेळ लागला असता?

चुलतभावाला तार केली. त्याने पट्टा आणि रिबिटं बोटीने पाठवली आणि बरोबर चिठ्ठी, की हे शेवटचं, दिवाळीपर्यंत तुझी जागा धरून ठेवतो, मग माझ्या हातात नाही. पट्टा विणलेला होता, जाड, राखाडी, हाताला सुताच्या दोरखंडासारखा. मुदतीतले दहा दिवस पट्टा येण्यातच गेले होते.

मोटार खळ्यात जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवली. मी हे काम आधी कधी केलेलं नव्हतं आणि ते माझ्या अंगाला लगेच कळलं. मागचा ड्रम निघेना. लाकडाची ढलपी मध्ये धरून ठोकला, गरम पाणी ओतलं, शिव्या दिल्या. बाबा ओटीवरून ऐकत होते. शेवटी ते उठून आले, चाकाशी बसले आणि म्हणाले, हळू ठोक, पण फिरव आणि ठोक. रहाटाचा कणा असाच काढतात. मी फिरवून ठोकला तर निघाला. मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली.

मग दोन दिवस आम्ही दोघांनी मिळून काम केलं. माझ्या बोटांना जे जमत नव्हतं ते त्यांच्या बोटांना जमत होतं. बूट मांडीवर घट्ट धरायचे, पट्टा ताणून बसवायचे, भोकाशी भोक अंगठ्याने जुळवायचे आणि म्हणायचे, ठोक. मी हातोडी मारायचो. डोळे असलेल्या माणसाची हातोडी त्यांच्या अंगठ्यावर दोनदा पडली. ते नुसते हात झटकायचे. एका चाकाचं झालं की त्यांना सगळं पुन्हा चाचपून बघायचं असे, ह्या तारेने काय ओढलं जातं, हा बूट कुठे टेकतो, ड्रम आणि मागची थाळी ह्यांच्यामध्ये फट किती. मी एकेक सांगत होतो. आई गेल्यानंतर ते इतकं बोलल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या लहानपणी आमच्या आळीत पहिली बैलगाडी आली तेव्हा सगळी पोरं तिच्या मागे कशी धावली, ते त्यांनी मला त्या दोन दिवसांत पहिल्यांदा सांगितलं. मी सुखात होतो. मोटार खोलून पडली होती, पुढे काय होणार ठाऊक नव्हतं, पण ते दोन दिवस मी सुखात होतो.

चौथं चाक बसवून मी मोटार खाली घेतली आणि आळीत एक फेरी मारली. ब्रेक लागले, घट्ट लागले. पण लागताना असे ओरडले की शेजारच्या घरातली कोंबडी उडून माडावर जायची बाकी राहिली. पुढची दोन्ही चाकं ओरडत होती, मागचं एक कण्हत होतं. मी पुन्हा फेरी मारली, पुन्हा तेच. ड्रम काढला, बघितलं, बसवला, तेच. आता, मुंबईत आयुष्यभर हेच काम केल्यावर, मला माहीत आहे की पट्ट्याची टोकं कानशीने थोडी उतरती करून घेतली असती तर ओरडणं बंद झालं असतं, पाव तासाचं काम. मिस्त्रीचाचा हे सांगायला विसरले होते, किंवा त्यांना वाटलं असेल की एवढं कळत असेल ह्याला. विचारायला जावं तर ते दाभोळला. रत्नागिरीत दुसरं कुणी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब.

जेवताना मी वैतागून बोललो. म्हटलं, एवढा आवाज ऐकला की साहेब मोटारीत बसायच्या आधीच नापास करणार. मग बांधतो बोचकं आणि जातो मुंबईला. ओरडण्याने ब्रेक वाईट होत नाही हे मला माहीत होतं. साहेबांनाही माहीत असणार होतं. पण चार दिवसांची दमणूक होती आणि ऐकायला समोर तेच होते.  बाबांनी विचारलं, पुढली दोन ना? मी म्हटलं, हो, आणि मागलं डावं.

सकाळी मी विहिरीवर आंघोळीला गेलो. परत आलो तेव्हा बाबा ओटीवर बसून हात पुसत होते. चहा झाला. मी देवाला नमस्कार केला, त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, जा, आज काय ओरडायची नाय ती. मला वाटलं, आशीर्वाद देतायत.

आळीच्या तोंडाशी एक गाय आडवी आली तेव्हा मी ब्रेकवर पाय ठेवला. आवाज नाही! मोटार थोडी सैल थांबली असं वाटलं, पण आवाज नाही, आणि माझं सगळं लक्ष त्यातच होतं. रात्रीत पट्टे बसले असतील, जागा धरली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पुढे कचेरीपर्यंतचा रस्ता सपाट, सकाळची वेळ, वर्दळ नाही. मी मोठ्याने गुणगुणत चाललो होतो. देवरूखच्या रस्त्यावर मी कुठे कुठे थांबे घेणार, आठवड्यातून एकदा बाबांना पुढच्या बाकावर बसवून कसं नेणार, सगळं ठरवून झालं.

साहेब बाहेरच उभे होते. चाकं, दिवे, भोंगा बघून झाले आणि ते माझ्या शेजारी बसले. कचेरीच्या मागे एक सरळ उतार होता, खाली जांभ्याचा गडगा, कुंपणाची दगडी भिंत. अर्ध्यावर मी हात वर करीन तेव्हा थांबव, म्हणाले, आणि गिअर काढून घे, मला तुझं इंजिन नको, ब्रेक बघायचा आहे. म्हणजे त्यांनी मला मोटार सोडायला सांगितली. ह्या कामात माझ्याइतका अनुभव जिल्ह्यात कुणाला नव्हता.

अर्ध्यावर त्यांनी हात वर केला. मी ब्रेक दाबला. पायाखाली ब्रेक होता, तळाला गेला नाही, घट्ट होता, पण मोटारीला त्याचं काहीच नव्हतं. मी दोन्ही पायांनी दाबला. हातब्रेक ओढला. ती तशीच गुळगुळीत, एवढासाही आवाज न करता, खाली चालली होती. साहेब एकदा म्हणाले, थांबव. मग पुन्हा म्हणाले नाहीत, त्यांनी समोरची दांडी धरली. गिअर टाकायचा प्रयत्न केला तो नुसता खरखरला. मग मी चाक वळवून तिला गडग्याला तिरकी घासवली. मडगार्ड दुमडलं, एक दिवा गेला, चार चिरे पडले. आम्हा दोघांना खरचटलंही नाही. मला अजून वाटतं की काहीतरी मोडायला हवं होतं, हात नाहीतर पाय, म्हणजे निदान तेवढ्यावर भागलं असतं.

साहेब उतरले. शांतपणे पुढच्या चाकाशी बसले, ड्रमच्या फटीतून बोट फिरवलं आणि वास घेतला. त्यांनी ते बोट मला दाखवायची गरज नव्हती. ऊन चढलं होतं, ड्रम थोडे तापले होते आणि तो वास मला उभ्या जागी आला. उंडीचं तेल. एका क्षणात मला सगळं दिसलं. चाचपडत चाकाशी गेलेले बाबा, त्यांची तेलाची नळीची बुधली, बोटांनी शोधलेली ती फट. मीच दाखवलेली. चारही चाकांना घातलं होतं त्यांनी, न ओरडणाऱ्यालासुद्धा.

साहेबांनी विचारलं, "ब्रेकला तेल कोणी घातलं?"

मी म्हटलं, "मी."

 मला वाटतं त्यांना ते खरं वाटत नव्हतं, कारण मूर्ख माणूससुद्धा एवढा मूर्ख नसतो. त्यांनी पुन्हा विचारलं, तू स्वतः? मी म्हटलं, हो, आवाज करत होते म्हणून. खरं सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी आणखी चार दिवस दिले असते. कदाचित नसते. पण मला दिसत होतं, की हे कचेरीत लिहिलं जाणार, बाहेरचे शिपाई ऐकणार, दुपारपर्यंत बाजारात जाणार आणि संध्याकाळी कुणीतरी हसत हसत आमच्या ओटीवर येऊन बाबांना सांगणार. ते मला नको होतं. साहेब म्हणाले, ज्याला ब्रेकला तेल घालू नये एवढं कळत नाही त्याच्या हातात मी माणसं देऊ शकत नाही. त्यांचं काहीच चुकलं नाही. जागा त्याच दिवशी दोन मोटारींवाल्याला गेली.

घरी आलो तेव्हा बाबा खळ्याच्या टोकाशी उभे होते. मोटार कानावर येताच पुढे झाले. मी त्यांना सांगितलं की साहेबांनी जागा दुसऱ्याला दिली, तो बडा माणूस आहे, त्याच्या मोटारी नव्या आहेत. ह्यात खोटं काही नव्हतं. मडगार्डचं विचारलं नाही कारण ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी फक्त दिव्याची काच कुठे वाजतेय म्हणून विचारलं. मी म्हटलं, खड्ड्यात गेली. ते आत गेले आणि रहाटाकडे न जाता बाजेवर पडून राहिले.

पट्टे तेल पिऊन फुकट गेले होते. तेवढ्यात ती मोटार त्या दोन मोटारींवाल्यानेच घेतली, सुटे भाग करायला. मला त्याचा रागही आला नाही. शेजारच्या चुलतीने बाबांचं दोन वेळचं रांधून द्यायचं कबूल केलं. दिवाळीला आठ दिवस असताना मी बोचकं बांधलं. बाबांच्या मोतीबिंदूचं मुंबईला काही करता येईल, असं आम्ही दोघेही एकमेकांना सांगत होतो.

बंदरावर जायला ते हट्टाने आले. बोट लांब समुद्रात उभी होती आणि उतारूंना पोचवणारा पडाव भरत होता. तेवढ्यात मिस्त्रीचाचा आले. ते आदल्या दिवशीच दाभोळहून परतले होते आणि मी चाललोय हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. ते सरळ विचारू लागले, काय झालं रे, पट्टे नीट बसले नाहीत काय? मी काही सांगायच्या आत बाबांनी त्यांचा आवाज ओळखला आणि आनंदाने पुढे झाले.

म्हणाले, "मिस्त्री, मोटारीला काय दोष नव्हता. त्या दिवशी मी पहाटे चारी चाकांना आतून तेल दिलं. सायबासमोर एवढासा आवाज नाय केलान तिने. पण गरिबाला कोण देतो जागा?"

मिस्त्रीचाचांचा चेहरा मी बघत होतो. त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. मी काही खूण केली नाही.  पडाववाला हाका मारत होता.

बाबांना त्यांची शांतता कळली असावी, कारण त्यांनी पुन्हा विचारलं, "तुम्ही असतात तर हेच केलं असतंत ना?"

मिस्त्रीचाचांनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, "होय तर. हेच केलं असतं."

बाबांचा चेहरा मोकळा झाला. आपल्याकडून पोरासाठी जे व्हायचं होतं ते झालं होतं. मी त्यांच्या पाया पडलो, पडावात चढलो आणि त्यांच्याकडे तोंड करून बसलो. पडाव कुठवर गेला ते त्यांना दिसत नव्हतं, म्हणून ते बराच वेळ चुकीच्या बाजूला हात हलवत राहिले. मिस्त्रीचाचांनी त्यांचा खांदा धरून त्यांना माझ्याकडे वळवलं.